बोकडाचा फॉस्फरस

देवराईतल्या जत्रेत मी बोकडाचं मटण खाल्लं, हाडं स्वतःच्या हातानं खड्ड्यात पुरली, वर माती ओढली, आणि पुढच्या साली त्याच जागेची माती सांगलीला प्रयोगशाळेत आणून 'जंगल राखलं की जमिनीत फॉस्फरस कसा वाढतो' हे सिद्ध केलं.

झालं, एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट माझ्या मित्रांनी गावभर इतकं तिखटमीठ लावून सांगितली आहे, की एकदा मूळ मालकानंही ती सांगून टाकावी म्हणतो.

मी सांगलीचा. आमची माती काळी. पावसात तिनं चप्पल धरली की माणसानं अनवाणी घरी जायचं. फॉस्फरस हा शब्द मी लहानपणी वाचला तो खताच्या पोत्यावर. ऊस तिथं पोतं, हे आमचं कृषिविज्ञान. पुढं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो, पन्नाशीला टेकल्यावर संशोधन करायचं मनात आलं, आणि माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "जंगलाला खत कोण घालतं रे?"

मी म्हणालो, "वनखातं."

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

मार्गदर्शक वाईचे. कृष्णेच्या घाटावर वाढलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. शाकाहारी इतके, की भज्यांची कढई दुसऱ्या कशाला वापरता का, हे हॉटेलवाल्याला विचारल्याशिवाय भजी मागवत नसत. त्या दिवशी खिडकीतून परत आल्यावर त्यांनी मला विषय देऊन टाकला. साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढ्याच्या पुढं डोंगरात एक देवराई होती. तिथं एकाच देवाच्या जमिनीवर तीन तऱ्हा होत्या. आत पाचोळा जसा पडेल तसा ठेवलेला, देवळापुढं तो रोज झाडून काढलेला, आणि एका कोपऱ्यात जाळलेला. झाडं तीच, पाऊस तोच, माती तीच. मग या तीन ठिकाणी फॉस्फरसचं काय होतं ते बघ, म्हणाले.

इथं थोडं रसायन सांगावं लागेल. भिऊ नका, माझ्या विद्यार्थ्यांनाही मी ते असंच सांगायचो. डोंगरातली जांभ्याची माती लाल असते ती लोखंडामुळे. या मातीत फॉस्फरस आला की तो लोखंडाच्या घरी घरजावई होतो. तिथंच राहतो, हलत नाही, बाहेरच्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. माती तपासली तर फॉस्फरस असतो की! पण मुळांच्या तोंडी लागेल असा चिमूटभर. जंगल यावर युक्ती करतं. पान गळतं, जागच्या जागी कुजतं, आणि त्यातला फॉस्फरस मातीच्या हवाली होण्याआधीच बुरशी आणि मुळं तो वरच्यावर झेलतात. शिवाय कुजणाऱ्या पाल्यातून जी आम्लं सुटतात, ती लोखंडाला बोलण्यात गुंतवतात. लग्नघरात एखादा काका सासऱ्याला पानसुपारी देत ओट्यावर बसवून ठेवतो आणि तेवढ्यात जावई मागच्या दारानं सिनेमाला सटकतो, तसं. पाचोळा झाडला की हा काकाच घरातून गेला. आणि पाचोळा जाळला, तर राखेतून पुष्कळ फॉस्फरस एकदम मोकळा होतो. पण पावसाळा लागला की काही ओढ्याला वाहून जातो, उरलेला पुन्हा सासरी.

हे सगळं तेव्हा मला पाठ होतं. मातीत मात्र बघितलेलं नव्हतं.

पहिल्यांदा गेलो ते जत्रेलाच, चैत्रात. सांगलीहून साताऱ्याची एस.टी., तिथून मेढ्याची, आणि पुढं जी मिळेल ती जीप. राईत पाऊल टाकलं आणि बाहेरचं ऊन एखाद्यानं दार लोटावं तसं बंद झालं. जांभूळ, हिरडा, अंजन, मांडीएवढ्या जाड वेली. पायाखाली पाचोळा असा, की चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटावं. अजून डोळे मिटले की तो ओलसर, थोडा आंबूस वास येतो. आमच्या घरात तसा वास आला तर बायको म्हणते भिंतीला ओल आली.

राईची राखण आक्का करायच्या. गुरवाच्या घरातल्या, साठी ओलांडलेल्या, आवाज असा की डोंगरापलीकडची म्हैस वळावी. देऊळ त्या रोज झाडायच्या. राईच्या आत मात्र केरसुणी न्यायची नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "देवाचं हातरूण हाय त्ये. कुनी निजल्याल्याचं हातरूण वढतंय व्हय?"

राईचा दुसरा नियम असा, की आतलं काही बाहेर न्यायचं नाही. काडी नाही, पान नाही, जत्रेला तिथं शिजलेलं अन्नसुद्धा नाही. पुढं भैरोबाला पुरणपोळी आणि मागच्या अंगाला म्हसोबाला बोकड. जे रांधलं ते तिथंच संपवायचं, आणि हाडं, पत्रावळ्या, चुलीतली राख, सगळं एका खड्ड्यात पुरायचं. खड्डा दरसाल नवा. तो बुजवायचा मान त्या वर्षीच्या सगळ्यात नव्या पाहुण्याला.

त्या वर्षी मी होतो.

वाढायला गावच्या मंडळाचे अध्यक्ष होते. मुंबईला गोदीत नोकरी करून, निवृत्त होऊन गावाला परतलेले, उत्साहानं नुसते उतू जाणारे गृहस्थ. "मास्तर, नळी घ्या. आवं, लाजताय काय, देवाच्या दारात?" मी लाजत नव्हतो. मी नळ्या फोडून फोडून चोखत होतो. मग अध्यक्षांनी हातात खोरं दिलं, मी मोठ्या रुबाबात खड्डा बुजवला, वर पाचोळा इतका नीट पसरला की पोलिसांनाही मागमूस लागू नये, आणि जांभळाखाली आडवा झालो. इतकी गाढ झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

याच अध्यक्षांच्या डोक्यात राईचं सुशोभीकरण होतं. "राई कशी, बागेसारकी पायजे," म्हणायचे. आतली झुडपं काढायची, पाचोळा दर महिन्याला झाडून जाळायचा, पायवाटेला पेव्हर ब्लॉक, बसायला बाकडी. तो जाळलेला कोपरा त्यांनीच नमुन्यादाखल केलेला. गावातली पोरं त्यांच्या बाजूनं, मुंबईकर तर व्हॉट्सॲपवरून रोज अंगठे दाखवत होते. विरोध एकट्या आक्कांचा. "ह्यास्नी काय, दोन दिस ऱ्हात्यात आन् जात्यात. मला हितंच मरायचं हाय. त्या पुढल्या अंगनात, झाडतोय तितं, नवं झाड कवा उगावल्यालं बगितलंय का कुनी?" पण सभेत हे बोलल्या की लोक हसायचे. म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमच्या बाटल्यांत काय घावलं तर सांगा लोकास्नी."

पुढच्या जत्रेला परीक्षांमुळे जाता आलं नाही. नमुने घ्यायला गेलो तो थेट श्रावणात, आणि तिथं माझी गाठ जळवांशी पडली.

नियम असा, की राईभर हिंडून ठिकठिकाणची माती घ्यायची आणि ती एकत्र करायची. मी दहा पावलं आत गेलो तोवर एक जळू पोटरीवर, एक घोट्यावर, आणि एक कुठं होती ते मी लिहिणार नाही. मी चहूकडं बघितलं. देवळामागं एक जागा दिसली, सपाट, मऊ, भोवती झुडपं नाहीत. मी तिथं उभा राहिलो आणि पाय न हलवता हात पोचेल तिथली, चारी दिशांची माती घेतली. विविधता म्हणजे आणखी काय असते! कुदळ लोण्यात जावी तशी जात होती. मी लिहून ठेवलं, 'माती अत्यंत भुसभुशीत, जीवजंतूंची हालचाल विपुल.' चाळणीत काही पांढरे कण राहिले. ते मी बाजूला काढले आणि लिहिलं, 'चुनखडी असावी.' जांभ्याच्या आंबट मातीत चुनखडी! हे माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर त्याला मी वर्गाबाहेर उभा केला असता.

सांगलीत आल्यावर माती आम्लात ढवळली, गाळली, वरून रसायन घातलं. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. जितका जास्त तितकं गडद. झाडलेल्या अंगणाची बाटली फिकी. जाळलेल्या कोपऱ्याची फिकी. आणि राईची बाटली... धोब्याच्या निळीसारखी! मी ती उजेडात धरली आणि मला स्वतःचा सत्कार दिसायला लागला. हार, शाल, नारळ, सगळं.

मार्गदर्शक आले, त्यांनी बाटली हातात घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला "वा" म्हणाले. आम्लात हाडाचा चुरा साखरेसारखा विरघळतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, पण हाड मनात यायला निदान एकदा तरी ते चोखावं लागतं. त्यांनी ती बाटली स्वतःच्या टेबलावर, गणपतीच्या छोट्या मूर्तीशेजारी ठेवली. "रंग बघ. निव्वळ पानांची पुण्याई."

दसऱ्याच्या आधी गावात सभा झाली. राईचं काय करायचं ते ठरणार होतं. मी तिन्ही मातींच्या नव्या बाटल्या तयार करून नेल्या होत्या, त्या देवळाच्या पायरीवर ओळीनं मांडल्या आणि भाषण ठोकलं. काका, सासरा, जावई, सगळे आले. लोक खूश. आक्का उठून उभ्या राहिल्या, बाटलीकडं बोट करून म्हणाल्या, "बगा! मी काय येडी हुती? देवाच्या हातरुनात येवडं धन हाय, आन् तुमी त्ये जाळाय निगालाय!" लोक एकमेकांकडं बघायला लागले. खरं सांगतो, त्या क्षणी राई वाचली होती.

तेवढ्यात अध्यक्षांनी सहज विचारलं, "मास्तर, ही माती कुटली?"

"या, दाखवतो की!" मी म्हणालो, आणि वरात काढावी तशी सगळी सभा देवळामागं नेली. जागेवर उभा राहिलो. टाच आपटून दाखवली.

अध्यक्षांनी जागेकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा जागेकडं बघितलं.

"आवं मास्तर, ह्यो तर तुमीच बुजवल्याला खड्डा!"

"कुठला खड्डा?"

"बोकडाचा, दुसरा कुटला! नळ्या चोकून चोकून टाकल्या न्हवं तुमी हितं?" त्यांनी काठीनं दोनदा टोकरलं. खालून एक जबडा वर आला, दातांसकट. मला बघून तो हसतोय असं वाटलं. पण तो बिचारा एकटा नव्हता, सगळं गाव हसत होतं. एक म्हातारे तर झाडाला धरून बसले.

हसू ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे पाचुळ्यानं काय हुत न्हाई. बोकडानं हुतंय. मग काय, पाचुळा जाळू या आन् म्होरल्या साली बोकडं वाडवू या." पुन्हा हशा.

आक्का हसल्या नव्हत्या. लोक परत वळल्यावर त्या माझ्यापाशी आल्या आणि त्यांच्यासाठी नवलच, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या बाटलीच्या भरवशावर मी त्वांड उगाडलं हुतं."

चेष्टेची मला सवय आहे. मी तिच्यावरच जगतो. पण हे मला झेपलं नाही. मी अध्यक्षांना गाठलं, म्हणालो, मला पुन्हा माती काढू द्या, दिवाळीपर्यंत थांबा. ते दिलदार माणूस. "थांबतो की. मुंबईची मानसं तवाच येत्यात. पर खड्डा सोडून काडा म्हंजे झालं."

सांगलीला येऊन मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खिशातून रुमाल काढला, रुमालानं धरून ती निळी बाटली गणपतीशेजारून उचलली, बेसिनपाशी नेऊन ठेवली, आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.

"मी इतके दिवस," ते म्हणाले, "बोकडाला सुप्रभात म्हणत होतो."

त्यानंतर मात्र ते स्वतः माझ्याबरोबर आले. त्या वयात, एस.टी.च्या मागच्या बाकावर आदळत, डब्यात थालीपीठ घेऊन. राईत त्यांनी मला असं हिंडवलं की काय सांगू! या झाडाखाली, त्या वेलीपाशी, ओढ्याच्या काठाला, उतारावर. मी दमून बसलो तर म्हणायचे, "ऊठ. देवळात एक माणूस सापडला म्हणून गाव धार्मिक ठरत नाही." दुपारी आक्कांनी ताक दिलं. दोघं देवळाच्या पायरीवर बसून गप्पा मारत होती आणि मी माती वाहत होतो. त्यांच्या गप्पांचा विषय मीच होतो, हे हसण्यावरून कळत होतं. आज वाटतं, त्या उन्हात, त्या दोघांची करमणूक होऊन पोती ओढली, तसे दिवस पुन्हा मिळाले नाहीत.

दिवाळीला परत सभा. या वेळी बाटल्या मांडल्या तेव्हा कुणी "वा" म्हणालं नाही. अंगणाची बाटली म्हणजे पाणीच. जाळलेल्या कोपऱ्याची तशीच. आणि राईची जराशी, अगदी जराशी निळी. पाऊस पडून गेल्यावर आभाळाच्या कडेला असते ना, तेवढी.

"मास्तर, ह्ये तर पानीच की!" मागून कुणी ओरडलं.

मी म्हणालो, "हो, पाणीच आहे म्हणा. बोकड वजा केला की एवढंच उरतं. कोपऱ्यातला थोडा ओढ्याला गेला तेवढा सोडला, तर एकूण फॉस्फरस तिन्हीकडं जवळपास सारखाच भरला. पण अंगणातला आणि कोपऱ्यातला लोखंडाला चिकटून बसलाय. राईतला पुष्कळसा अजून पाचोळ्यात, बुरशीत, मुळांत फिरतोय, म्हणून हे एवढं तरी निळं दिसतं. एवढ्या मोठ्या झाडांचं पोट ह्या एवढ्याशावर भरतं. याहून जास्त मला सापडलं नाही."

अध्यक्ष पुढं आले. दोन बाटल्या दोन हातांत घेऊन उजेडात धरल्या. चेष्टा करतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "ही मी जाळल्याल्या जागंची?"

"हो."

"पर भाताच्या रोपाला आमी पाल्यापाचुळ्याचा राब जाळतोच की. रोपं लय तरारून येत्यात."

"येतात. राख लगेच लागू पडते. पण भाताचं रोप महिन्यात उपटून तुम्ही दुसरीकडं लावता. झाडाला तिथंच उभं राहायचं असतं. पुढचे पावसाळे त्यानं कशावर काढायचे?"

आयुष्यभर गोदीत माल चढताना-उतरताना बघितलेला माणूस; काय आलं, काय गेलं, हे त्यांना कळत होतं. बाटल्या खाली ठेवत म्हणाले, "म्हंजे माझं वड्याला गेलं." मग लोकांकडं वळून, "बोकडाबिगर मास्तर पयल्यांदाच खरं बोलल्यात. ठरलं. फरशी देवळाच्या पायरीपातुर. त्याच्या मागं केरसुनी न्हाई, आगीची काडी न्हाई." मुंबईकरांपैकी एकजण कुरकुरला, "पण बाकडी तरी..." तर त्याला म्हणाले, "बाकडं तुझ्या गॅलरीत टाक."

पायरीच्या मागं दगडांची ओळ लागली. पहिला दगड आक्कांनी ठेवला. माझ्याकडं बघितलंही नाही.

आता आमच्या प्रयोगशाळेत यंत्र आलंय. एका बाजूनं नमुना घाला, दुसऱ्या बाजूनं आकडा. निळा रंग कुणी उजेडात धरून बघत नाही. मार्गदर्शकही आता नाहीत. बेसिनजवळची ती बाटली मी घरी आणून ठेवली होती. रंग केव्हाच उडून गेला, बायकोनं तिच्यात मनीप्लँट लावला. तो मात्र जोरात वाढतोय. का, ते मी तिला सांगितलेलं नाही.

या चैत्रात, निवृत्त झाल्यावर, पुन्हा जत्रेला गेलो. दगडांच्या ओळीला शेवाळ आलंय. तो जाळलेला कोपरा नुसता सोडून दिलेला. तिथं गुडघ्याएवढी जांभळाची रोपं आली आहेत. अध्यक्ष आता बसूनच वाढणाऱ्यांवर ओरडतात. पंगत झाली, हाडं खड्ड्यात पडली, आणि जुन्या आठवणीनं मला काय वाटलं कोण जाणे, मी उठलो, खोरं उचललं आणि खड्ड्याकडं निघालो. म्हटलं, या वर्षी मान मलाच द्या, पाहुणा जुना असला म्हणून काय झालं.

आक्का आता कमरेत वाकल्या आहेत, पण आवाज तोच. जागेवरूनच त्यांनी मला थांबवलं.

"ठिवा त्ये खोरं खाली. आमचं कुत्रं बी हाडूक पुरतंय, मास्तर. पर त्येला जागा ध्यानात ऱ्हाती."